परक्या पडद्यावरील स्वदेश : पूर्व जर्मनीच्या उदाहरणावरून एक विचार

परदेशांतून येणारे चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ह्यांचा प्रेक्षकांच्या मनावर काय परिणाम होतो, ह्याविषयी दोन मते फार दिवस शेजारी शेजारी नांदत आली आहेत. एका मताप्रमाणे परकी माध्यमे माणसाला स्वदेशाविषयी उदासीन करतात. त्याला आपले घर अंधारे आणि आपली भाषा गावंढळ वाटू लागते. दुसऱ्या मताप्रमाणे हीच माध्यमे त्याचे डोळे उघडतात. सत्ताधाऱ्यांनी जे दडवून ठेवले ते त्याला दिसते आणि तो जागा होतो. ही मते परस्परविरुद्ध भासली तरी दोहोंच्या बुडाशी गृहीतक एकच आहे. प्रेक्षक हे जणू एक रिकामे भांडे असून त्यात जे ओतावे ते भरते, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. वाद उरतो तो ओतला जाणारा पदार्थ दूध की विष, एवढ्यापुरताच.

ह्या गृहीतकाची परीक्षा एका विशिष्ट प्रदेशाच्या आधाराने करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो प्रदेश म्हणजे १९४९ ते १९९० ह्या काळात अस्तित्वात असलेले पूर्व जर्मनीचे राज्य. निवडीची कारणे तीन. परक्या राज्याचे कार्यक्रम तेथे रोज संध्याकाळी, तेही वर्षानुवर्षे, घराघरांत पाहिले जात. त्या कार्यक्रमांची भाषा प्रेक्षकांची स्वतःची भाषा होती, त्यामुळे माध्यमाचा परिणाम आणि परक्या भाषेचा परिणाम ह्यांची गल्लत होण्याची भीती तेथे नाही. तिसरे कारण भूगोलाशी निगडित आहे आणि संशोधनाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे ठरले. त्याचा विचार पुढे येईल.

१३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमध्ये भिंतीचे काम सुरू झाले आणि माणसांची ये-जा थांबली. लहरींची ये-जा मात्र थांबविता आली नाही. पश्चिम बर्लिन हे पूर्व जर्मनीच्या पोटात बेटासारखे वसलेले असल्यामुळे तेथील प्रक्षेपकांचा आवाका आपोआपच चहूकडे पसरे. सरहद्दीलगतच्या टेकड्यांवर पश्चिमेचे उंच मनोरे होते. ए.आर.डी. ही पश्चिमेची पहिली वाहिनी आणि १ एप्रिल १९६३ पासून सुरू झालेली झेड.डी.एफ. ही दुसरी वाहिनी, अशा दोन्ही वाहिन्या पूर्वेकडील बहुसंख्य घरांत दिसू शकत. १९६१ मध्येच सत्तारूढ पक्षाच्या युवक संघटनेने एक मोहीम काढली. तरुण मुले छपरांवर चढत आणि पश्चिमेकडे तोंड केलेली एरियले फिरवीत किंवा कापून टाकीत. बव्हेरियातील ज्या डोंगरावरून कार्यक्रम येत त्या ओक्सनकॉप्फचेच नाव ह्या मोहिमेला मिळाले. लोकांनी एरियले छपराखालच्या माळ्यावर नेऊन बसविली.

पुढे हा विरोध हळूहळू सैल पडला. १९७१ मध्ये सत्तेवर आलेल्या एरिख होनेकर ह्यांनी मे १९७३ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती समितीपुढे बोलताना, पश्चिमेची माध्यमे ज्याला हवी त्याने लावावी, नको त्याने बंद करावी, अशा अर्थाचे उद्गार काढले. ह्यापेक्षा स्पष्ट कबुली कोणत्याही शासनाकडून अपेक्षिता येत नाही. पूर्वेची अधिकृत बातमीपत्रे साडेसातला लागत, पश्चिमेची आठला. दोन्ही ऐकून त्यांच्यामधून काय खरे असावे ते ताडणे, हा कित्येक कुटुंबांचा रोजचा परिपाठ होऊन बसला. रंगीत दूरचित्रवाणीची गंमत तर वेगळीच होती. पश्चिमेने १९६७ मध्ये पाल ही पद्धती उचलली, तर पूर्वेने १९६९ मध्ये फ्रान्सची सेकाम ही पद्धती स्वीकारली. परिणाम असा की, पूर्वेकडील रंगीत संचावर स्वदेश रंगीत दिसे आणि परदेश काळापांढरा, जोपर्यंत घरातील एखादा कसबी माणूस त्यात वेगळा भाग बसवून घेत नसे तोपर्यंत.

राज्याने प्रतिकाराचा आणखी एक उपाय योजला होता. कार्ल-एडुआर्ड फॉन श्नित्सलर ह्यांचा ‘काळी वाहिनी’ हा कार्यक्रम २१ मार्च १९६० पासून ३० ऑक्टोबर १९८९ पर्यंत चालला. तो सोमवारी रात्री लागे. पश्चिमेच्या कार्यक्रमांतील उतारे दाखवावयाचे आणि त्यांचे खंडन करावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. नावातील मूळ जर्मन शब्दाचे ‘वाहिनी’ आणि ‘गटार’ असे दोन्ही अर्थ होतात, आणि श्नित्सलर ह्यांना हा श्लेष अभिप्रेतच होता. कार्यक्रम सुरू होताच प्रेक्षक उठून दुसरी वाहिनी लावीत, म्हणून निवेदकाचे आडनाव ‘श्नि’पर्यंतच ऐकू येते, असा विनोद लोकांत रूढ होता. विनोद बाजूस ठेवला तरी ह्या कार्यक्रमात एक तार्किक अडचण होती. खंडन करण्यासाठी आधी उद्धृत करणे भाग पडते. प्रेक्षकाने मूळ कार्यक्रम पाहिलेला आहे, हे धरून चालल्यावाचून त्या खंडनाला अर्थच राहत नाही. निषिद्ध वस्तू सर्वांच्या परिचयाची आहे, ही गोष्ट स्वतः राज्यच दर सोमवारी जाहीर करीत होते.

आता भाषेकडे वळू. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाविज्ञान असल्यामुळे ह्या भागावर थोडे अधिक रेंगाळण्याची मुभा वाचकांनी द्यावी.

दोन्ही जर्मनींतील लोक एकमेकांच्या राज्याचा उल्लेख करताना ‘ड्र्यूबन’ हा शब्द वापरीत. त्याचा अर्थ ‘पलीकडे’. पूर्वेच्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ पश्चिम होई, पश्चिमेच्या माणसाच्या तोंडी पूर्व. ‘मी’, ‘येथे’, ‘आज’ ह्या शब्दांप्रमाणेच हाही दर्शक शब्द. बोलणारा कोठे उभा आहे हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. मराठीत ज्या घरातील मुलगा अमेरिकेत गेला आहे त्या घरात ‘तिकडे’ ह्या शब्दाला असाच एक खास अर्थ आलेला असतो; कोणत्या देशात, असे कोणी विचारीत नाही. अशा शब्दांचे वैशिष्ट्य हे की, ‘तिकडे’ म्हणताक्षणी ‘इकडे’ची सीमा आखली जाते. परदेशाचे चित्र आणि स्वदेशाचे चित्र ही दोन स्वतंत्र चित्रे नसून एकाच वाक्यातील दोन पदे आहेत, असे मला वाटते. पूर्व जर्मन प्रेक्षक पश्चिमेचा कार्यक्रम पाही तेव्हा तो केवळ ‘तिकडे’विषयी काही शिकत नसे, ‘इकडे’ची व्याख्या तो रोज नव्याने करीत असे.

शब्दसंग्रहातही ही गोष्ट दिसून येते. १९७० मध्ये वाल्टर उलब्रिश्ट ह्यांनी, दोन्ही राज्यांतील भाषेचे ऐक्यदेखील आता विरघळू लागले आहे, असे विधान केले होते. भाषाभ्यासकांना त्यांतील अतिशयोक्ती तेव्हाच जाणवली. व्याकरण जागच्या जागी होते. उच्चारांतील भेद हे जुन्या बोलींचेच होते. बदलले होते ते काही शब्द. पूर्वेत प्लास्टिकला ‘प्लास्टे’ म्हणत, भाजलेल्या कोंबडीला ‘ब्रॉयलर’ म्हणत, किराणा-भाजीच्या मोठ्या दुकानाला ‘काउफहाले’ म्हणत. शासकीय भाषेतील लांबलचक सामासिक शब्द निराळे, पण ते सभेतून घरी येताना माणसे बाहेरच ठेवून येत.

महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पूर्वेच्या माणसाला पश्चिमेचे शब्द समजत. ते तो बोलत नसला तरी ऐकून त्याच्या परिचयाचे झालेले असत. पश्चिमेच्या माणसाला पूर्वेचे शब्द मात्र बहुधा समजत नसत, कारण पूर्वेची दूरचित्रवाणी पाहण्याचे त्याला काही कारणच नव्हते. समजुतीचे हे एकेरी वळण भाषेच्या अभ्यासकास फार बोलके वाटेल. ज्याला आपला शब्दही माहीत असतो आणि दुसऱ्याचाही, त्याच्या दृष्टीने आपला शब्द हा वस्तूचा सहज शब्द राहत नाही. तो ‘आमच्याकडचा शब्द’ होतो. प्रमाणभाषेचा परिचय झालेला बोलीभाषक आपल्या बोलीकडे ज्या नजरेने पाहू लागतो, तीच ही नजर. त्यात तिरस्कार असतोच असे नाही. कधीकधी माया अधिक असते. पण आपण जेथे राहतो ते ठिकाण सर्वसामान्य नसून एक विशेष ठिकाण आहे, ही जाणीव त्यात निश्चित असते. परक्या माध्यमाने स्वदेशाविषयीच्या कल्पनेत घडवून आणलेला हा पहिला आणि माझ्या मते सर्वांत टिकाऊ बदल होय.

परंतु ह्या जाणिवेमुळे माणूस स्वदेशाविषयी असंतुष्ट होतो काय? सामान्यतः आपण ‘होय’ असे उत्तर देऊ. हे उत्तर पडताळून पाहणे दिसते तितके सोपे नाही. समजा, आपण शंभर माणसांना विचारले की, आपण परके कार्यक्रम पाहता काय, आणि आपल्या राज्यव्यवस्थेविषयी आपले मत काय. आणि असे आढळले की, जे पाहतात ते अधिक नाराज आहेत. ह्यावरून कार्यक्रमांमुळे नाराजी आली, असे म्हणता येईल काय? कदाचित नाराजी आधीची असेल आणि म्हणूनच ते परके कार्यक्रम शोधीत असतील. पाहणे आणि न पाहणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर अवलंबून असते तोवर ही गाठ सुटत नाही. ती सोडविण्यासाठी असे दोन गट हवेत, की ज्यांत एकाला कार्यक्रम दिसतात, दुसऱ्याला दिसत नाहीत, आणि हा भेद त्यांच्या आवडीनिवडीमुळे न पडता निव्वळ योगायोगाने पडलेला आहे. माणसांवर असा प्रयोग कोणी करू शकत नाही. पूर्व जर्मनीत तो भूगोलाने केला.

आग्नेयेकडील ड्रेस्डेन शहर एल्बे नदीच्या खोऱ्यात वसले आहे आणि पश्चिमेच्या मनोऱ्यांपासून दूर आहे. तेथवर चित्र पोहोचत नसे. ईशान्येस ग्राइफ्सवाल्डच्या परिसराची आणि र्‍युगेन बेटाची बव्हंशी तीच स्थिती होती. ह्या भागांना लोकांनी ‘अजाणांचे खोरे’ असे टोपणनाव दिले होते. ए.आर.डी. ह्या आद्याक्षरांचा अर्थ ‘ड्रेस्डेन परिसर वगळून’ असा आहे, अशी कोटीही प्रचलित होती. ड्रेस्डेनचे लोक तेथे राहत होते ते काही दूरचित्रवाणी टाळण्यासाठी नव्हे. तेव्हा त्यांची आणि इतर प्रांतांतील लोकांची तुलना केली असता जो फरक उरेल, त्याचे बरेचसे श्रेय दूरचित्रवाणीला देता येईल, असा हा युक्तिवाद आहे.

होल्गर केर्न आणि येन्स हाइनम्युलर ह्या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच मार्ग पत्करला. त्यांनी वापरलेली सामग्री मोठी कुतूहलजनक आहे. लायपझिग येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली युवक-संशोधनाची मध्यवर्ती संस्था तरुणांची मते निनावी प्रश्नावल्यांच्या द्वारे गोळा करीत असे. तिचे निष्कर्ष त्या काळी गोपनीय ठेवले जात. १९८८-८९ मधील ह्या प्रश्नावल्या आणि गुप्त पोलिसांच्या दप्तरातील कागदपत्रे ह्यांवरून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो अपेक्षेच्या नेमका उलट होता. ज्यांना पश्चिमेची दूरचित्रवाणी दिसत होती ते तरुण आपल्या राज्यव्यवस्थेविषयी अधिक समाधानी होते. ज्यांना ती दिसत नव्हती ते कमी समाधानी होते. देश सोडून जाण्याची परवानगी मागणारे अर्जही ड्रेस्डेन प्रांतातून लोकसंख्येच्या मानाने अधिक येत. लेखकांनी निबंधाच्या शीर्षकात ‘अफू’ हा शब्द योजला आहे. मार्क्सने धर्माविषयी जे म्हटले होते त्याचा रोख त्यांनी मोठ्या खुबीने मार्क्सचे नाव घेणाऱ्या राज्याकडेच फिरविला.

ह्यावर एक शंका साहजिक आहे. हुकूमशाहीत विचारलेल्या प्रश्नाला कोण खरे उत्तर देतो? शंका रास्त आहे, परंतु तिने निष्कर्षाला तितकासा धक्का बसत नाही. भीती जर सर्व प्रांतांत सारखीच असेल, तर सर्वांचीच उत्तरे सारख्याच प्रमाणात गोड होतील. प्रांताप्रांतांतील फरक तसाच राहील. शिवाय देशत्यागाचा अर्ज ही प्रश्नावलीवरील खूण नव्हे. अर्ज करणाऱ्याला नोकरीत, मुलांच्या शिक्षणात आणि शेजारीपाजारी त्याची किंमत मोजावी लागे. अशी किंमत देऊन कोणी खोटे बोलत नाही.

असे का व्हावे? केर्न व हाइनम्युलर ह्यांचे उत्तर करमणुकीकडे बोट दाखविते. पूर्वेचे प्रेक्षक पश्चिमेकडून मुख्यतः चित्रपट, मालिका आणि गाण्याचे कार्यक्रम घेत होते. ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका १९८१ पासून पश्चिम जर्मनीत दाखविली जाऊ लागली आणि पूर्वेतही ती तितक्याच आवडीने पाहिली गेली. दिवसभराच्या कंटाळ्यावर आणि रांगांवर रात्रीचा हा उतारा होता. ज्याला तो मिळत होता त्याला देश सुसह्य वाटत होता.

मला ह्या उत्तराला आणखी एक गोष्ट जोडावीशी वाटते. ड्रेस्डेनला पश्चिमेचे चित्र येत नव्हते. आवाज येत होता. मध्यम लहरींवरील नभोवाणीला टेकड्यांचा अडथळा नसतो, त्यामुळे पश्चिमेच्या नभोवाणीवरील बातम्या तेथेही ऐकल्या जात. म्हणजे ‘अजाणांचे खोरे’ हे नाव मुळात चुकीचे आहे. तेथील लोकांना घटना माहीत होत्या. त्यांच्यापाशी नव्हते ते संध्याकाळचे सुख. दोन्ही प्रदेशांत ज्ञान बऱ्याच अंशी समान आणि करमणूक असमान, अशी ही स्थिती होती. फरक पडला तो करमणुकीने, ज्ञानाने नव्हे, असा तर्क त्यामुळे अधिक बळकट होतो. ४ ऑक्टोबर १९८९ रोजी प्रागमधील पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या निर्वासितांच्या गाड्या ड्रेस्डेनमधून जाणार होत्या, तेव्हा तेथील स्थानकावर हजारो लोक जमले आणि पोलिसांशी त्यांची मोठी चकमक उडाली. अजाण म्हणविलेले हे खोरे त्या शरद ऋतूत सर्वांत आधी पेटलेल्या ठिकाणांपैकी एक होते. केर्न ह्यांनी २०११ मध्ये केलेल्या दुसऱ्या अभ्यासातही, पश्चिमेचे चित्र दिसणाऱ्या भागांत निदर्शने अधिक वेगाने पसरली, असे आढळले नाही. ह्या मतावर आक्षेप घेणारे संशोधकही आहेत आणि वाद मिटलेला नाही. परंतु ‘पाहिले म्हणून पेटले’ असे सरळ समीकरण आता मांडता येत नाही, एवढे खरे.

ह्याचा अर्थ पडद्याने मनात काहीच पेरले नाही, असा मात्र घेऊ नये. समाधान ही एक गोष्ट आणि मोजण्याचे माप ही दुसरी. भिंत पडल्यानंतर झालेल्या काही अभ्यासांनी ह्या दुसऱ्या गोष्टीवर प्रकाश टाकला आहे. पश्चिमेची दूरचित्रवाणी पाहिलेल्या पूर्व जर्मनांच्या भौतिक आकांक्षा अधिक उंचावलेल्या होत्या, असे एका अभ्यासात दिसले. दुसऱ्या अभ्यासात, त्यांना यश हे दैवापेक्षा प्रयत्नावर अवलंबून आहे असे अधिक वाटते, असे आढळले. लिओनार्दो बुर्श्टिन आणि दाविदे कांतोनी ह्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला सर्वांत सूक्ष्म वाटतो. एकीकरणानंतर ड्रेस्डेनचे लोक आणि इतर पूर्व जर्मन लोक ह्यांच्या एकूण खर्चात वा बचतीत त्यांना फरक आढळला नाही. फरक होता तो कशावर खर्च करावयाचा ह्यात. ज्या वस्तूंच्या जाहिराती एकीकरणापूर्वी पश्चिमेच्या पडद्यावर भरपूर दिसत, त्या वस्तू पडदा पाहिलेल्यांनी तुलनेने अधिक घेतल्या. विकत मिळण्याची आशा नसताना वर्षानुवर्षे पाहिलेली जाहिरात अशी पुढे फळास आली. ज्याला आपल्या राज्यात राहणे सुसह्य वाटत होते त्याच माणसाच्या मनात, आपल्या दुकानात काय नाही ह्याची यादीही तयार होत होती. ह्या दोन गोष्टींत विरोध आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्ष मनुष्यात त्या सुखाने एकत्र राहतात.

येथे अल्बानियाचे उदाहरण तुलनेसाठी थोडक्यात घेण्याजोगे आहे, कारण तेथील परिस्थिती एका बाबतीत अगदी वेगळी होती. एन्वर होजा ह्यांच्या राजवटीत (१९४४–१९८५) तो देश जगापासून जवळजवळ तुटलेला होता. परदेशी जाणे सामान्य माणसाला अशक्य होते. परंतु समुद्राच्या अरुंद पट्ट्यापलीकडे इटली होती, आणि तिची दूरचित्रवाणी घरगुती युक्त्या योजून चोरून पाहिली जाई. कित्येक अल्बानियन लोक इटालियन भाषा शाळेत न जाता ह्या पडद्यावरूनच शिकले. पूर्व जर्मनांचे पश्चिमेत नातलग होते; त्यांची पत्रे येत, कॉफी-चॉकलेटची पार्सले येत, काही काळाने माणसेही भेटीस येत. पडद्यावरील जग पडताळून पाहण्याची साधने त्यांच्यापाशी होती. शिवाय पश्चिमेच्या वाहिन्या स्वतःच्या देशातील बेकारी आणि संपही दाखवीत. अल्बानियाला पडताळणीचा असा आधार नव्हता. भाषा, देश आणि जाहिरात ही तिन्ही एकाच खिडकीतून आली. निकोला माई ह्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इटलीकडे निघालेल्या तरुणांच्या कल्पनेतील इटली ह्या पडद्याने कशी घडविली, ह्याचे विवेचन आहे. राजवट कोसळत असताना, ८ ऑगस्ट १९९१ रोजी, ‘व्लोरा’ नावाचे मालवाहू जहाज सुमारे २०,००० माणसे घेऊन बारी बंदरात शिरले. त्यांना क्रीडांगणात कोंडून ठेवण्यात आले आणि बहुतेकांची थोड्याच दिवसांत परत पाठवणी झाली. तेथे पडद्याने स्वदेशाचे चित्र नुसते बदलले नाही; जवळजवळ पुसून टाकले.

आतापर्यंत आपण परक्या माध्यमाने परका देश दाखविल्याचे परिणाम पाहिले. पण परके माध्यम जेव्हा प्रेक्षकाला त्याचाच देश दाखविते तेव्हा काय होते? हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते.

पूर्व जर्मनीत ह्याची सुरुवात दूरचित्रवाणीपूर्वीच झाली होती. १९४६ मध्ये बर्लिनच्या अमेरिकन विभागात रियास हे नभोवाणी केंद्र निघाले. १६ जून १९५३ रोजी पूर्व बर्लिनमधील बांधकाम-मजुरांनी कामाचे प्रमाण वाढविल्याच्या निषेधार्थ संप केला आणि आपल्या मागण्या ह्या केंद्राकडे नेल्या. केंद्राने त्या ध्वनिक्षेपित केल्या. दुसऱ्या दिवशी शेकडो गावांत उठाव झाला. तो सोव्हिएत रणगाड्यांनी मोडला. बर्लिनमध्ये काय घडत आहे हे इतर गावांतील मजुरांना कळले ते बव्हंशी ह्या परक्या केंद्रावरून. १९८८ मध्ये बिटरफेल्ड येथील रासायनिक कारखान्यांनी केलेल्या प्रदूषणाचे चित्रण काही पूर्व जर्मन तरुणांनीच गुप्तपणे केले. ते पश्चिमेकडे पोहोचले आणि ए.आर.डी.वरून पुन्हा पूर्वेच्या घरांत आले. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी लायपझिगमध्ये सुमारे ७०,००० लोकांनी शांतपणे मोर्चा काढला. दोन तरुणांनी एका चर्चच्या मनोऱ्यावरून तो टिपला, चित्रफीत एका पश्चिम जर्मन वार्ताहराच्या हाती दिली, आणि दुसऱ्या दिवशी ती पश्चिमेच्या बातम्यांत दिसली.

ह्या सर्व प्रसंगांत माध्यम परके आहे, पण सांगणारा आणि ऐकणारा दोघेही घरचेच आहेत. मजकूर कुंपण ओलांडून जातो आणि फिरून घरी येतो. हा वळसा का पडतो, हे भारतीय वाचकास सांगावयास नको. १९७५ ते १९७७ ह्या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर नियंत्रण आले तेव्हा आपल्याकडेही, स्वतःच्या देशात काय चालले आहे हे जाणण्यासाठी लोक रात्री बी.बी.सी. लावीत. ऐकणारे इंग्रजधार्जिणे होते म्हणून नव्हे. ‘आम्ही’ असे म्हणणाऱ्या आवाजावरील विश्वास उडाला की ‘ते’ असे म्हणणारा आवाज अधिक खरा वाटू लागतो, म्हणून. स्वकीय माध्यम देशाविषयी प्रथमपुरुषात बोलते, परके माध्यम तृतीयपुरुषात. तृतीयपुरुषात आपला देश ऐकणे ही एक विलक्षण अनुभूती आहे. त्यात अपमानाची बोच असते आणि सुटकेची भावनाही असते. बिटरफेल्डच्या रहिवाशाला आपल्या गावची हवा घाण आहे हे कळण्यासाठी कोणाच्या कॅमेऱ्याची गरज नव्हती. नाक पुरेसे होते. नवीन होती ती एवढीच गोष्ट की, हे वाक्य आता मोठ्याने उच्चारले गेले होते आणि शेजाऱ्यानेही ते ऐकले आहे हे त्याला माहीत होते.

ह्या संदर्भात ९ नोव्हेंबर १९८९ ची रात्र भाषेच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखी आहे. सायंकाळी सातच्या सुमारास पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की ह्यांनी वार्ताहर-परिषदेत प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचून दाखविला आणि ते केव्हापासून लागू, असे विचारता ‘ताबडतोब’ असे उत्तर दिले. ही परिषद पूर्वेच्याच दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष दाखविली जात होती. पण शासकीय गद्याची सवय झालेल्या प्रेक्षकाला त्या कागदातून नेमका अर्थ लागेना. आठच्या बातम्यांत पश्चिमेने त्याचे भाषांतर केले, जर्मनमधून जर्मनमध्येच. पूर्व जर्मनी सरहद्द खुली करीत आहे, असे ते साधे वाक्य होते. लोक चौक्यांकडे जमू लागले. रात्री पावणेअकराच्या सुमारास ए.आर.डी.च्या निवेदकाने, भिंतीतील दारे सताड उघडी आहेत, असे वर्तमानकाळी विधान केले. त्यानंतर लगेच पडद्यावर जी चौकी दिसली ती बंद होती. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी विधान करणारी वाक्ये आणि कृती घडविणारी वाक्ये असा जो भेद केला आहे तो येथे आठवतो. वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून ते वाक्य त्या क्षणी खोटे होते. ते ऐकून आणखी माणसे घराबाहेर पडली. बोर्नहोल्मर रस्त्यावरील चौकीत गर्दी आवरेनाशी झाली, आणि साडेअकराच्या सुमारास तेथील अधिकाऱ्यांनी दार उघडले.